कप्तानाच्या पेल्यावरची बशी

कप्तानाने गिऱ्हाइकापुढे कधी उघडा पेला ठेवला नाही. पेल्यात लाल वाईन ओतायची, त्यावर चहाची बशी झाकायची आणि बशीत खायला थोडेसे काहीतरी मांडायचे, ही त्याची रीत. कधी मिठाच्या पाण्यात मुरवलेली करवंदे, कधी लसूण-मिरचीत परतलेले शेंगदाणे, तर कधी रस्सा आटवून बाभळीच्या काट्यात ओवलेली हुलग्याची शेंगोळी. मग दोन बोटांनी तो ती बशी किंचित फिरवी, जणू कुलूप लावतो आहे, आणि म्हणे, "हां. आता ह्यो पेला तुमचा."

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी नगरच्या स्टेशनासमोर त्याचे हे दुकान होते. पाटीवर स्पेनमधल्या एका बंदराचे नाव होते; ते कोणालाच नीट उच्चारता येत नसल्याने सारे नुसते 'कप्तानाकडे' म्हणत. राहुरी, बेलापूर, श्रीरामपूर या बाजूंनी रोज नगरला नोकरीसाठी येणारे आम्ही पासवाले संध्याकाळी परतीच्या पॅसेंजरची वाट पाहत तिथे थांबत असू, आणि ती पॅसेंजर आम्हाला भरपूर वाट पाहू देत असे. त्या दुकानाला आता काही लोक 'अड्डा' म्हणतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की दुकानाचा परवाना भिंतीवर काचेच्या चौकटीत होता, पिणाऱ्याचा परवाना पिणाऱ्याच्या खिशात होता, आणि तिथे मी ऐकलेली सर्वांत मोठी शिवी रेल्वेच्या वेळापत्रकाला दिलेली होती.

आमच्या निवृत्तांच्या बैठकीत अलीकडे दुसरीही एक थाप रूढ झाली आहे: कप्तान मुंबईच्या गोदीपलीकडे कधी गेलाच नव्हता. ही थाप मारणाऱ्यांनी कप्तानाला बटाटा-अंड्याची ती जाडजूड स्पॅनिश पोळी उलटताना पाहिलेले नाही. तव्यावर ताटली उपडी ठेवून एका झटक्यात तो सगळे उलटे करी आणि पोळी ताटलीवरून पुन्हा तव्यात अलगद सरकवी. त्या वेळी तोंडाने जे पुटपुटे, ते त्याच्यासारख्या सोनईच्या माणसाला गावात राहून सुचणे शक्य नाही. मालवाहू जहाजावर तो भटारखान्यात होता. इंजिन बिघडल्यामुळे ते जहाज सबंध हिवाळा त्या बंदरात अडकले आणि कप्तानाने तो हिवाळा धक्क्यावरच्या एका वाईनच्या दुकानात भांडी घासून, तव्याकडे पाहत काढला. माशा पडू नयेत म्हणून तिथले लोक पेल्यावर बशी ठेवतात, हे त्याने तिथेच पाहिले. नगरला माशांच्या जोडीला पाऊस रुसलेल्या त्या वर्षांतली धूळही होती. "तिथल्यापरीस हितंच ह्या बशीचं काम जास्त हाय," तो म्हणे. जहाजाचा कप्तान मात्र तो नव्हता आणि तसे त्याने कधी म्हटलेही नाही. "कप्तान असतो तर जहाज सोडून तुमच्या पुढ्यात करवंदं कशाला मांडली असती, भाऊसाहेब?" मी मोजणी खात्यात होतो, म्हणून मी भाऊसाहेब.

दुकानात खुर्ची नव्हती. छातीएवढ्या उंचीची एक लांब फळी आणि तिच्याकडेने उभे आम्ही. कोणी कुरकुर केली की कप्तानाचे उत्तर ठरलेले असे: "उभा मानूस मोजकं बोलतो. बसला की लांबन लावतो. अन् तुमची गाडी काय लांबन ऐकाया थांबत न्हाई." यावर कोणी म्हणे, "गाडी येतेय कुठे?" मग कप्तान दाराशी जाऊन रुळांकडे पाही आणि गंभीरपणे परत येई. "येतीय. मनमाडची न्हाई, मनातली."

आता मूळ वादाकडे येतो. दुकान उघडले त्या पहिल्या संध्याकाळी फळीवर वाईनचे पेले आले, पेल्यांवर बश्या आल्या, बश्यांत शेंगदाणे आले. आमच्यातल्या एका गृहस्थाने शेंगदाणे तळहातावर ओतून घेतले, बशी फळीवर सरळ ठेवली, पेल्यातली वाईन तीत ओतली, फुंकर मारली आणि भुर्रकन पिऊन टाकली. यात त्या गृहस्थाचा काही दोष नव्हता. आपल्याकडे बशी समोर आली की तिचे काय करायचे हे हाताला ठाऊक असते. डोक्याला विचारावे लागत नाही. कप्तानाने ती रिकामी बशी उचलून पाहिली. नंतर म्हणाला, "सबंध स्पेन हिंडून आलो असतो तरी हे बघाया मिळालं नसतं." हे गृहस्थ म्हणजे मी, असे राहुरीचे तारमास्तर हयातभर सांगत आले. ते साफ खोटे आहे. तारमास्तरांना स्वतः बशीखेरीज चहा जात नसे, यापलीकडे मी काही बोलत नाही.

कप्तानाच्या थट्टेला एकच जागा वर्ज्य होती: त्याची बायको यमुना. लग्न झाल्यावर थोडे दिवस ती सोनईला राहिली, तेवढ्यात तिने नवऱ्याला हुलग्याची शेंगोळी वळायला शिकवले आणि ती माहेरी शिंगणापूरला गेली. मग कप्तानाने दुकान काढले आणि तिचे येणे अडले. तिचे वडील आबा गळ्यात तुळशीची माळ घालणारे. त्यांना कप्तानाने कळवले होते की स्टेशनासमोर फराळाचे दुकान टाकले आहे. बशीपुरते ते खरे होते. आबांचा उलट निरोप आला: दुकान डोळ्यांनी पाहीन, मग लेकीला नांदायला धाडायचे की नाही ते ठरवीन. त्या दिवसापासून कप्तान शेंगोळ्यांत दोनदा मीठ घालू लागला. "हुलगं तेच, लसूण तीच," तो मला एकदा म्हणाला. "तिचं वळतं अन् माजं तुटतं, भाऊसाहेब."

आबा येणार त्या दिवसाची योजना तारमास्तरांची होती. माझी नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. योजना अशी की सर्वांनी वाईन बशीत ओतावी, फुंकावी आणि विचारले तर धुळीने बसलेल्या घशावरचा काढा म्हणून सांगावे. कप्तान तयार नव्हता. "म्हातारा लई बेरकी हाय," एवढेच तो म्हणत राहिला. पण यमुनेचे नाव काढल्यावर पेले पुसू लागला, आणि आम्ही तो होकार समजलो.

आबा आले. पांढरे धोतर, तांबडा फेटा, हातात काठी. आत पाऊल ठेवताच त्यांना सरकारी नोकरीतली सात-आठ प्रतिष्ठित माणसे ओळीने उभी राहून बशीवर फुंकर घालताना दिसली. आबांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि तारमास्तरांसमोर थांबले.

"काय पिताय, मास्तर?"

"काढा, आबा. घशासाठी."

"सगळ्यांचाच घसा बसलाय व्हय?"

"धुळीचे दिवस आहेत."

"गरम हाय?"

"चांगलाच. जीभ पोळते."

आबा बशीवर वाकले. "वाफ तर दिसंना."

तारमास्तरांनी घाईने आणखी एक फुंकर मारली आणि वाईनचा थेंब स्वतःच्याच सदऱ्यावर उडवून घेतला. आबांनी फळीवर अजून कोणी न घेतलेल्या एका पेल्यावरची बशी उचलली, आतली लाली पाहिली आणि बशी बाजूला ठेवली.

"आमच्या गावात घराला दार न्हाई," ते सावकाश म्हणाले. "देवाच्या भरवशावर उघडं ऱ्हातो आमी. अन् माजा जावई पेल्याला सुदिक झाकन घालतो."

कप्तानाला माशांचे कारण सांगता आले असते. ते खरेही होते. त्याने ते सांगितले नाही. फळीमागून तो बाहेर आला, भिंतीवरची परवान्याची चौकट खिळ्यावरून काढली आणि आबांच्या हातात दिली.

"वाईन हाय, आबा. द्राक्षाची. दारूच म्हना. मी पीत न्हाई, पर इकतो. तुमाला फराळाचं दुकान म्हनून कळवलं, ते अर्धंच सांगितलं."

"ते मला कवाच ठावं हाय. शनीदेवाला रोज किती गावची मानसं येत्यात. येकाचं तरी तोंड उघडं असनारच की."

"मंग बघाया कशाला आलात?"

"तू सांगतो का, ते बघाया."

आबांनी चौकट फळीवर ठेवली. बशीतला एक काटा उचलून त्यावरचे शेंगोळे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावले. यमुनेचा संसार त्या क्षणी त्या म्हाताऱ्याच्या दाढेखाली होता आणि कप्तान ती दाढ हलताना पाहत होता.

"मीठ जास्त. अन् वळलंय का तुडवलंय?" आबा अखेर म्हणाले. "यमीला धाडतो. पीठ तिला मळू दे." दाराशी जाऊन वळले. "अन् ह्या मास्तरला सांग, गार काढ्याला फुकू नगं. बाधंल."

त्या संध्याकाळी आबांनी घोटभर वाईन घेतली, अशी एक कथा श्रीरामपूरकडे सांगतात. मी तीन हातांवर उभा होतो. पेल्यावरची बशी उचलली म्हणून माळेला हात लावण्याआधी आबांनी मोरीत बोटे धुतली. सांगणाऱ्यांनी निदान जिथे उभे होते तिथून जे दिसले तेच सांगावे.

यमुनाबाई आल्या आणि शेंगोळी तुटायची थांबली. आठवड्याच्या आत त्यांनी एक बाकडेही आणवले. "उभ्यानं खायाला ही काय घोडी हाईत?" कप्तानाने त्याचा तो 'लांबन'चा सिद्धान्त बायकोपुढे एकदा मांडून पाहिला, नंतर आयुष्यात पुन्हा मांडला नाही. पेल्यावरची बशी मात्र राहिली. माश्या काही आबांना घाबरत नव्हत्या.

पुढे स्टेशनासमोरचा रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेले आणि उभयता शिंगणापूरला आबांच्या घरी राहायला गेली. आबा तोवर भिंतीवरच्या तसबिरीत गेले होते. माझ्या निवृत्तीनंतर एकदा मी तिथे गेलो. खरेच दार नव्हते. खोकून आत शिरलो. कप्तान बाजेवर होता, फार खंगलेला, पण डोळे तसेच. यमुनाबाईंनी चहा आणला. कप्तानाने आपल्या कपाखालची बशी काढली आणि सवयीने कपावर झाकली.

"झाकन काढा," यमुनाबाई म्हणाल्या. "आबा बघत्यात."

त्याने तसबिरीकडे पाहिले आणि निमूटपणे बशी काढली. ती संधी साधून मी म्हटले, "कप्तान, तारमास्तर गेले, तेव्हाचे बाकीचेही पांगले. आता साक्षीदार तू एकटाच. त्या पहिल्या संध्याकाळी बशीत वाईन कोणी ओतली, ते वहिनींच्या समोर एकदा सांगून टाक."

कप्तानाने चहा बशीत ओतला. फुंकर मारली, भुर्रकन प्यायला आणि ओठ पुसत विचारले, "भाऊसाहेब, बशीतनं वाईनची चव येगळी लागती का हो?"

यमुनाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. ती आमची शेवटची भेट; त्याच वर्षी कप्तान गेला. त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, आणि त्यावरून कोणी काही अर्थ काढू नये.