प्रायव्हेट नंबर एकोणसत्तर

हे गेले त्याला महिना झाला होता, तेव्हा खेळण्यातल्या आगगाड्या चालवणारे तीन म्हातारे लखनौमधल्या माझ्या आलमबागच्या घरी आले. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव घ्यायची सवय तेव्हा नव्हती, आता कशाला लावून घेऊ. तिघे सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले, चहा नको म्हणाले, मग प्यायले. शेवटी त्यांच्यातल्या सेक्रेटरींनी घसा साफ केला.

"भाभीजी, वो स्टेशन अब ख़ाली पड़ा है। आप कहें तो बोर्ड घर पहुँचा दें?"

मानक नगरच्या कॉलनीत एका जुन्या हॉलमध्ये यांचा क्लब भरतो. रेल्वेच्या संशोधन कार्यालयातून रिटायर झालेले इंजिनियर, दोन ड्रायव्हर, एक गार्ड, असे दहा-बारा जण. ज्याला मास्तर व्हायचं त्याने घरी एक लाकडी बोर्ड करायचा, त्यावर आपल्या मनातलं एक स्टेशन उभं करायचं, आणि मग सगळे बोर्ड नटबोल्टने जोडायचे. हॉलभर वळणं घेत एकच रूळ जातो, त्यावर सहा स्टेशनं. यांनी मिरजेच्या बाजूचं आपल्या गावचं स्टेशन केलं होतं. चिंचेचं झाड तांब्याच्या तारेचं, त्याचा पाला माझ्या भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा. रुळांमधल्या खडीसाठी रेती चाळायला माझी पिठाची चाळणी नेली, ती पुन्हा पिठाला लागली नाही. मी या सगळ्याला भातुकली म्हणत असे, आणि यांच्या तोंडावर म्हणत असे.

क्लबचा नियम असा की ज्या स्टेशनला मास्तर नाही, ते लेआउटमधून काढायचं. मी त्या तिघांना सांगितलं, बोर्ड कुठेही जाणार नाही, मास्तर म्हणून मी येते. कामाची मला माहिती होती. हे घरी मागच्या खोलीत एक फोन आणि स्वयंपाकघरात दुसरा लावून माझ्याकडून सराव करून घेत. पोळी तव्यावर असताना मी कितीतरी गाड्यांना परवानगी दिलेली आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई माणूस आणि तेही असं तोंडाचं, हे त्यांना पेलणार नव्हतं, पण नाही म्हणायची लखनौच्या माणसाला लाज वाटते.

पहिल्या रविवारी मी खरंच बोर्डासाठी गेले. दुसऱ्या रविवारपासून मात्र मी फोनसाठी जात होते. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

तो फोन काय आहे ते सांगायला हवं. एकेरी रुळावर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून गाडी सोडण्याआधी मागचा मास्तर पुढच्याला फोन करून विचारतो, लाइन क्लियर आहे का? पुढच्याची लाइन मोकळी असेल तर तो हो म्हणतो आणि आपल्याजवळच्या छापील कागदावरचा पुढचा आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. दोघेही तो आपापल्या रजिस्टरात लिहितात, कागदावर तो खोडतात, आणि मगच गाडी सुटते. नंबर नाही तर गाडी नाही. खऱ्या रेल्वेतही छोट्या स्टेशनांवर असंच चालत आलं आहे आणि क्लबातले लोक त्यात तसूभर सूट देत नाहीत. इंजिन तळहातावर मावेल एवढं असलं म्हणून काय झालं.

माझ्या आधीच्या स्टेशनावर निशातगंजला राहणारे गार्डसाहेब बसत. आमच्या खुर्च्यांमध्ये वीस पावलांचं अंतर, पण मधे पडदा. एकमेकांना दिसायचं नाही आणि हाक मारायची नाही, जे बोलायचं ते फोनवर. घंटी वाजायची. मी उचलायची.

"हाँ जी, पाँच अप आपके लिए तैयार है। लाइन क्लियर?"

"लाइन क्लियर। प्राइवेट नंबर चार, सात।"

"चार, सात। शुक्रिया।"

एवढंच. पण दुपारभरात पाँच अप, सात अप अशा एकेका गाडीसाठी असं वीस-पंचवीस वेळा. चहाच्या वेळी गार्डसाहेब समोर आले की आम्हाला बोलायला काही सुचत नसे. ते हवेबद्दल बोलत, मी गुडघ्यांबद्दल. फोनवर मात्र त्यांचा आवाज असा यायचा की माझ्या हो म्हणण्यावर त्यांचं सगळं अडलं आहे. आणि अडलेलंच असायचं.

उरलेल्या आठवड्यात माझ्या हो-नाहीवर कोणाचं काही अडत नाही. सब्जीवाला भैया दार वाजवतो, पालक ठेवतो, जातो. मुलगा बंगळुरूहून फोन करतो. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. "हाँ आई, सब ठीक, दवाई ली?" माझं मराठी त्याला सगळं कळतं, बोलायचं म्हटलं की घोडं पेंड खातं. यात त्याची चूक नाही, इथेच वाढला तो. पण हे गेल्यापासून या घरात मराठी बोलणारी मी एकटी आणि ऐकणारीही मीच. कधी कधी मी कुकरला बोलते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

असे आठ महिने गेले. मग डिसेंबरात क्लबने लोकांसाठी हॉल उघडा ठेवला. कॉलनीतली माणसं, शाळेची मुलं, धुकं असूनही बरीच गर्दी झाली. सेक्रेटरींनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, आज चूक नको, संध्याकाळी सहाही रजिस्टरं एकमेकांशी मिळवून पाहीन. हा माणूस चाळीस वर्षं रेल्वेच्या सुरक्षेच्या कागदपत्रांत जगला. रजिस्टर मिळवणं हा त्यांचा सण.

दुपारी एक तरुण जोडपं माझ्या बोर्डापाशी थांबलं. बाई वाकून स्टेशनाची पाटी वाचत होती. पाटीवरच्या गावाच्या नावात ळ आहे, आणि तो तिने ळच वाचला. इथे त्याचा ल होतो. मी चटकन मान वर केली.

"तुम्ही मराठी?" तिने विचारलं.

तिचा नवरा सैन्यात होता, छावणीत राहत होते, माहेर कराडचं. कराड म्हणजे आमच्या शेजारचंच की. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. इथे कुठे मिळतं, काय मिळत नाही, ज्वारीचं पीठ मी कुठून आणते, इथल्या थंडीत तेल कसं गोठतं. ती हसली की मी आणखी बोलायची. तिचा नवरा कंटाळून पुढच्या स्टेशनाकडे गेला तरी मी तिला सोडलं नाही. ती मला काकू म्हणाली. किती दिवसांनी कोणी काकू म्हटलं होतं. इथे मी भाभीजी, आंटी नाहीतर माताजी.

तेवढ्यात घंटी वाजली.

"नौ अप तैयार है। लाइन क्लियर?"

मी कागद पाहिला, पुढचा आकडा ६९. सुटे अंक सांगायचे, छह, नौ, हा नियम मी आठ महिने पाळला होता. पण त्या घटकेला जीभ कराडात होती. मी म्हणाले, "लाइन क्लियर. एकोणसत्तर."

पलीकडे जरा थांबल्यासारखं वाटलं. मग "शुक्रिया" आलं. त्यांनी आकडा परत म्हणून दाखवला नाही आणि मीही मागितला नाही, कारण ती पोरगी निघाली होती. नंबर द्या काकू, फोन करते हं, म्हणाली. तिने लिहून घेतला. गाडी आली, फलाटावर थांबली, गेली. सगळं सुरळीत.

संध्याकाळी सेक्रेटरी रजिस्टरं घेऊन बसले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "नौ अप।" माझ्या रजिस्टरात ६९ होता. गार्डसाहेबांच्या रजिस्टरात ७१.

मला आधी कळेचना. मग कळलं. हिंदीत एकोणसत्तरला उनहत्तर म्हणतात आणि एकाहत्तरला इकहत्तर. माझ्या एकोणसत्तरचा सुरुवातीचा एक आणि शेवटचा त्तर गार्डसाहेबांच्या कानाला सापडला, मधलं गर्दीत बुडालं. खऱ्या लाइनीवर नंबर जुळला नाही म्हणजे परवानगी मिळालीच नाही असं धरतात. गाडी तशीच गेली, याचा अर्थ नशिबाने पोहोचली.

"मेरे कान का क़सूर है," गार्डसाहेब म्हणाले. "मुझे दोहराना चाहिए था।"

मी तिथे चूक झाली म्हणाले असते तर विषय मिटला असता. पण माझं डोकं फिरलं. दिवसभराचं ते मराठी अजून अंगात होतं आणि ते चूक म्हणून टेबलावर मांडलेलं मला सोसवेना. मी म्हणाले, जन्मभर मी याच आकड्यांत मोजत आले, तुम्हाला समजत नसेल तर माझा नाइलाज आहे. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले की भाषेचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे. मला वाटलं आता हे स्टेशन काढणार. म्हणून मी आवाज चढवून सांगितलं, "कुछ भी कीजिए, यह बोर्ड यहाँ से नहीं हिलेगा।"

"बोर्ड कौन हटा रहा है, भाभीजी," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी आठवडाभर स्वतःशी भांडत होते. कराडच्या पोरीचा फोन आला नाही. येणार नव्हताच, तरुण माणसं असं म्हणतातच, मीही म्हणत असे. मी ठरवलं, रविवारी गार्डसाहेबांची माफी मागायची आणि सुटे अंक हिंदीतच सांगायचे. गॅससमोर उभी राहून मी सरावही केला. छह नौ, सात एक, आठ तीन.

रविवारी हॉलमध्ये शिरले तर सगळे माझी वाट पाहत उभे होते. सेक्रेटरींनी मला हाताने पुढे केलं. यांचा बोर्ड जागेवर होता. चिंचेच्या झाडावरची धूळ कोणी ब्रशने काढलेली. पण दोन्ही सिग्नल नव्हते. गाड्या बाजूला घ्यायचा दुसरा रूळ होता, त्याचा सांधा कायमचा बंद केलेला. पाटीवर गावाच्या नावापुढे तशाच वळणाच्या बारीक अक्षरात 'हॉल्ट' लिहिलं होतं. ळ त्यांनी नीट राखला होता. टेबलावर फोन नव्हता.

हॉल्ट म्हणजे असं ठिकाण जिथे गाडी एक मिनिट थांबते पण मास्तर नसतो. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. गार्डसाहेब आता माझ्या पलीकडच्या स्टेशनाला थेट फोन करणार होते.

"अब बोर्ड हमेशा यहीं रहेगा," सेक्रेटरी म्हणाले. त्यांची बोटं रंगाने माखलेली होती, आठवडाभर खपले असणार. "नियम भी नहीं टूटा। और आपको फ़ोन का झंझट नहीं। आराम से बैठिए, देखिए।" त्यांनी यांच्या लाकडी खुर्चीच्या जागी एक गादीची खुर्चीसुद्धा आणली होती.

मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं होतं, तेही मन लावून. मला बोर्ड नको, मला फोन हवाय, एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. आठवडाभर माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून मी येते, हे त्या चांगल्या माणसांना सांगितलं असतं तर त्यांनी तासाभरात तारा परत जोडल्या असत्या. ते शब्द हिंदीत मला येत होते. पण सगळे असे आनंदाने माझ्याकडे बघत होते, आणि माझा ताठा काही लहान नाही. मी म्हणाले, "बहुत अच्छा किया।" मग गादीच्या खुर्चीत बसले.

दुपारी गाड्या सुरू झाल्या. पडद्याआड गार्डसाहेबांनी रिसीव्हर उचलला, पाँच अप तैयार है, लाइन क्लियर, असं त्यांनी विचारल्याचं मला ऐकू आलं. पलीकडचं उत्तर मला ऐकू येणार नव्हतं. माझ्या तोंडात आकडा तयार झाला होता, त्रेचाळीस, कुठून आला कोणास ठाऊक. मी तो सांगितला नाही. गाडी माझ्यासमोर आली, एक मिनिट थांबली आणि निघून गेली.