बाहेरचं बाकडं

शहागडच्या फाट्यावर पुण्याची गाडी आली तेव्हा अण्णांनी माझी बॅग वर ठेवली, हलवून पाहिली आणि शेजारच्या सीटवरच्या बाईंना सांगितलं, "पोरगी बी.एड. करायला चालली." मी चालले होते समुपदेशन शिकायला. माझ्या वडिलांना ते चांगलं ठाऊक होतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडात बसला नव्हता, आणि बसला असता तरी त्यांनी चारचौघांत उच्चारला नसता. आदल्या दिवशीच मला म्हणाले होते, "लोकांचं ऐकायला शिकायला पुण्याला कामून जावं लागतं? माझ्या दुकानावर बस, दिवसभर ऐक." गाडी हायवेला लागली आणि मी रडले. त्यात लाज कसली? तुमच्यातले जे गाव सोडून गेले, त्यांतलं कोण रडलं नाही?

अण्णांचं पंक्चरचं दुकान अगदी हायवेला लागून. आसपास अपघात झाला की पहिली हाक त्यांनाच यायची. ते पहार घेऊन धावायचे, चेपलेली दारं उघडायचे, माणसं ओढून काढायचे, अँब्युलन्समध्ये घालायचे. मग घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसायचे. त्यांना कशाचंच काही वाटत नाही असं आम्ही समजायचो, आणि मी वर्गात त्याची फुशारकीही मारायचे.

पुण्यात आधी माझी भाषा सुधारण्यात आली. 'करून राह्यले' म्हटलं की हॉस्टेलच्या मुली हसायच्या. हळूहळू माझ्या बोलण्यात सेशन, केस नोट्स, सुपरव्हिजन असे शब्द आले, आणि फोनवर माय विचारायला लागली, "तू नीट बोलशील का आता?"

सरावासाठी मला मिळालेल्या पहिल्या बाई मायच्या वयाच्या होत्या. त्यांचं दुःख इथे सांगणार नाही, ते माझ्याकडेच राहील. माझी चूक मात्र सांगते. आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला नुसतं नावानं कोण हाक मारतं? मी म्हटलं, "मावशी, बोला." त्या बोलल्या की! गुडघे, पाणी, शेजारीण. तीन सेशन गेली, मूळ गोष्ट निघेचना. माझ्या नोट्स वाचून सुपरव्हिजनच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही भाची होऊन बसलात. भाचीपुढे बाई काय काय बोलणार?" मला राग आला. इतक्या मायेनं बोललेलं चुकतं कसं? पण पुढच्या वेळी मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?" त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. त्या दिवशी त्या खरं बोलल्या.

दुसऱ्या वर्षी मायचा फोन आला. "तुझे अण्णा भरदुपारी शटर पाडून राह्यलेत. ट्रकचा ब्रेक जोरात लागला की हातातला पाना पडतो. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. तू शिकून राह्यलीस ना, मंग बघ की त्यांना."

संक्रांतीला घरी गेले आणि मोठ्या ऐटीत वही घेऊन अण्णांसमोर बसले. "अण्णा, अपघातातली माणसं काढताना तुम्हाला काय वाटायचं?" ते म्हणाले, "तू जेवलीस का?" मी प्रश्न फिरवून विचारला. "मायला चहा टाकायला सांग." तिसऱ्यांदा विचारलं तर उठून बाहेरच गेले. माझी दोन वर्षांची विद्या ओट्यावर तशीच पडली, आणि मला मॅडमचं बोलणं आठवलं. जो माणूस आयुष्यभर पोरीपुढे खंबीर राहिला, तो तिच्याच वहीत कसा रडणार?

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "जालन्याला सरकारी दवाखान्यात समुपदेशक बसतात. चला."

"मी येडा न्हाई. बिलकुल न्हाई."

"अण्णा, माणूस गाडीतून काढल्यावर टाके तुम्ही घालत होता का?"

"मी कामून घालीन? अँब्युलन्समध्ये द्यायचो."

"मंग मलाही तेवढंच करू द्या."

अण्णा उठले. मग खुंटीवरचा शर्ट काढून घातला.

दवाखान्यात दार लागलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. आतून अण्णांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा आवाज फुटला. उठून दाराशी जावंसं फार वाटलं. मी उठले, आणि पार टोकाच्या बाकड्यावर जाऊन बसले. इतकं अवघड काम मी पुण्यात अजून केलेलं नाही.

अण्णा लाल डोळ्यांनी बाहेर आले. "बाई चांगली आहे. मधी बोलत न्हाई." जरा वेळानं म्हणाले, "पुढच्या बुधवारी बोलवलंय." त्यानंतर ते दर बुधवारी एकटेच जायला लागले. शटर अजूनही एखाद्या दुपारी पडतं, पण पुन्हा वर जातं.

पुण्यात आता मी दाराच्या आतल्या खुर्चीवर बसायला शिकतेय, आणि ती जागा मला आवडते. घर मात्र माझ्यासाठी ते बाहेरचं बाकडं झालंय. तिथे माझी विद्या चालत नाही, फक्त थांबायचं असतं. तुमच्यातले जे गावात राहिले, ते आम्हा गाव सोडलेल्यांसाठी तेच करत आले, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

परवा निघताना फाट्यावर अण्णांनी पुन्हा माझी बॅग वर ठेवली, हलवून पाहिली. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, "पोरगी काय करती?"

अण्णा म्हणाले, "लोकांचं ऐकती. मोठं काम आहे."