भिंत कुणाच्या वाटणीला

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती आणि मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. झालो होतो. न विचारताही मी ते सांगत असे. चाकणजवळच्या एका पांढरीवर, म्हणजे मोडून गेलेल्या जुन्या गावाच्या जागी, आमच्या प्रोफेसरांनी उत्खनन काढलं होतं. तिथं मी यंत्र घेऊन गेलो. जमिनीत चार सळया रोवायच्या आणि बॅटरीची वीज सोडायची. ओल्या मातीतून ती सहज जाते, दगडापाशी अडते. काटा चढला की खाली भिंत, असं मी मजुरांना ऐटीत समजावत होतो.

पावसाळा तोंडावर आला होता. प्रोफेसर म्हणाले, "एकच खड्डा होईल. रिकामा निघाला तर यंत्र परत पाणी शोधणाऱ्या खात्याकडे, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही."

एका रानात काटा सरळ रेषेत चढला. मी तिथं लाकडी खुंट्या ठोकल्या आणि नकाशा रंगवायला पुण्याला गेलो. परत आलो तर खुंट्या आणि माझ्या मुक्कामाच्या झोपडीच्या मध्ये बांध दिसला. नकाशात तो नव्हता. पण नकाशा बी.एस्सी.नं काढलेला, तेव्हा बांधच चुकला असणार, असं मी धरून चाललो.

खणलं. पुरुषभर खोल गेलो तरी नुसती माती. मी प्रोफेसरांना मातीतल्या क्षारांबद्दल सांगू लागलो. क्षारांवर मी बराच वेळ बोललो. तेवढ्यात त्या रानाचा मालक आला.

"साहेब, या खुंट्या परवा माझ्या चुलतभावाच्या रानात व्हत्या. माझ्यात कशा आल्या?"

चुलतभाऊ बांधावरच तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "म्या आणल्या. पिंपरीकडं अशाच खुंट्या ठोकल्या अन् जमिनी कारखान्याला गेल्या. जायचीच आसल तर याची जाऊ दे."

"आरं तुझ्या!"

मजूर हसून हसून खाली बसले. मला मात्र हसू येईना. बांध कोरण्यावरून आमच्याच घरात दोन पिढ्या बोलणं बंद होतं. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पण तेवढी अक्कल बहुतेक मी कॉलेजात फी म्हणून भरली होती.

हलवलेल्या खुंट्यांचा हा खड्डा प्रोफेसरांनी मोजला नाही. त्यांनी चुलतभावाची समजूत घातली, की दगड बघून माती परत लोटू, जमीन कुठं जात नाही. मीही तेच सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास प्रोफेसरांच्या पांढऱ्या केसांवर बसला. त्याच्या रानात, खुंट्यांच्या मूळ जागी खणलं आणि कमरेइतक्या खोलीवर घडीव दगडांची ओळ लागली. प्रोफेसर नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"वर यंत्र राहिलं आणि मीही राहिलो. शाबासकीसाठी मी आणखी थोडा वेळ त्यांच्याजवळ उभा राहिलो, पण ते दगड पुसण्यात गुंतले होते.

रिकाम्या खड्ड्याचा मालक मात्र त्याच्या काठावर उभा राहून धुमसत होता.

"बघा की! खड्डा माझ्यात अन् भिंत याच्यात. वाटणीच्या येळंपासून आमच्या नशिबी ह्येच." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, माझ्याकडंबी जरा नीट लावून बघा की. आसल कायतरी."

तिथं काही नाही, हे मी नुकतंच पुरुषभर खोल पाहिलं होतं. पण अख्ख्या दिवसात मला साहेब म्हणणारा तो एकटाच. मी सळया उचलल्या.