एक्केचाळीसचा रकाना

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं नाटकगृहाच्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवत. माणसापेक्षा उंच असं ते वाद्य जिन्यावरून नेताना कुणीतरी हमखास विचारी, "कपाट हलवताय का?" भाऊजींचं उत्तर ठरलेलं : "हो, आत बायको आहे." बायको कधी झालीच नाही. वाद्यवृंद बंद पडला, माझे यजमान गेले, आणि भाऊजी माझ्याकडे राहायला आले. बोटं वाकडी झाल्यावर वाद्यही त्यांनी एका विद्यार्थिनीला देऊन टाकलं.

मागे राहिलं ते एकच ध्वनिमुद्रण. त्याच्या शेवटी बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि भाऊजी एकटेच सगळ्यात जाड मोकळ्या तारेचा सूर लांबवत राहतात. सेकंदाला एक्केचाळीस कंपनं, म्हणून आम्ही त्याला 'एक्केचाळीस'च म्हणायचो.

सत्तरीत त्यांचे कान जायला लागले. आधी वरचे सूर गेले, मग मधले. कानातल्या यंत्रामुळे समोर बसून बोललेलं कळे. पण इतक्या खालचे सूर यंत्र पोचवत नाही, ते स्वतःच्या कानाला येतात तोवरच यायचे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि एका सकाळी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत एक्केचाळीस आला नाही.

त्यांनी ध्वनिमुद्रण तीनदा पुन्हा लावून पाहिलं. मग म्हणाले, "कान नाही वहिनी, खोली. खोली खातेय त्याला."

ही काही मनाची समजूत नव्हती. खालचे सूर भिंतींवर आपटून परत येतात आणि खोलीत एखाद्या जागी एकमेकांना पुसून टाकतात. मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. खरंच, काही नाही! दाराशी उभं राहिलं की मात्र सूर भरभरून. त्या दिवशी भाऊजींनी आपणहून चहा केला आणि साखर घालायला विसरले.

स्पीकरचा दुकानदार म्हणाला, एका सबवूफरने, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या खोक्याने, भागायचं नाही. वेगवेगळ्या जागी चार ठेवले की एकाने पाडलेला खड्डा दुसरा भरून काढतो. जागा शोधायची युक्तीही त्यानेच शिकवली. सबवूफर खुर्चीत बसवायचा आणि माणसाने भिंतीच्या कडेने रांगायचं; सूर जिथे भरलेला लागेल, ती त्या खोक्याची जागा. भाऊजींचा स्वतःच्या कानांवर भरवसा नव्हता, तेव्हा रांगणं माझ्याकडे आलं. चष्मा दोरीने मानेला बांधून मी पुढे, खडू घेऊन ते मागे.

"वहिनी, कपाटाखाली माझं पेन सापडलं तर बघा."

"सापडलं तर देणार नाही. मजुरी समजा."

रोज अकराला, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ कामावर गेले की आम्ही बसत असू. रोजनिशीत मी पट्टीने रकाने आखले होते : तारीख, खोक्यांची भिंतीपासूनची अंतरं, आवाजाच्या बटणाची जागा, आणि शेवटी दोन, 'मी' आणि 'भाऊजी'. आधी मी खुर्चीत बसायची, मग ते. ऐकताना ते यंत्र काढून ठेवत आणि पाय उशीवर घेत, जमिनीची थरथर तळव्यांना लागून फसगत नको म्हणून.

चोविसाव्या दिवशी चौथं खोकं खिडकीखाली आलं. त्याच्या मागचं छोटं बटण उलटं केलं की बाकीची खोकी हवा पुढे ढकलतात तेव्हा ते मागे ओढतं. मी ते उलटं केलं आणि खुर्चीत बसले. एक्केचाळीस आला. पोटातून उगवल्यासारखा आला, गोल, शांत.

मग भाऊजी बसले. डोळे मिटून. सूर संपला, तरी ते वाट बघत होते.

"तुम्हाला?" डोळे उघडून त्यांनी विचारलं.

मला आला म्हटलं, तर खोली सुटली आणि कान दोषी. शाळेतल्या सिस्टर म्हणत, शाईने लिहिलेलं देव वाचतो. साठ वर्षांच्या रोजनिशीत मी एक ओळ खोटी लिहिली नव्हती. मी नकारार्थी मान हलवली आणि माझ्या रकान्यात लिहिलं, 'नाही'.

"मग मला कुठून येणार!" ते उठून खोकं सरकवायला लागलेसुद्धा.

चार खोकी झाल्यावर ती कुठेही ठेवली तरी मला सूर येतच असे. रोज तो ऐकायचा आणि रोज 'नाही' लिहायचं. खोकी ओढून ओढून भाऊजींची मनगटं सुजली. "पुरे आता," मी म्हणायची. "दोन बोटं डावीकडे," ते म्हणायचे. पण अधूनमधून त्यांच्या रकान्यात 'जरासा' असं यायला लागलं, आणि मी त्या शब्दाला धरून दिवस काढत होते. कोण जाणे, खरंच येत असेल.

मग एक दिवस खालचे गृहस्थ रजेवर घरी होते. सव्वाअकराला ते दारात.

"अहो, माझ्या कपाटाच्या काचा नाचतायत! चाललंय काय?"

भाऊजींनी यंत्र कानात घातलं आणि उत्साहाने त्यांचा हातच धरला. "माफ करा. पण बसा, तुम्हीच बघा, या खुर्चीत सूर कसा गायब होतो ते."

"अहो, त्यांना कशाला..." मी म्हणत होते, तोवर भाऊजींनी बटण दाबलं होतं.

गृहस्थांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "गायब? दात हलतायत माझे!"

त्यांनी कानांवरचे हात काढेपर्यंत भाऊजी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी यंत्रणा बंद केली, गृहस्थांची पुन्हा माफी मागितली आणि दारापर्यंत पोचवलं.

"किती दिवस?" परत येऊन त्यांनी विचारलं.

"एकशे बारा."

"मोजलेत?"

"लिहिलेत."

त्यांनी रोजनिशी मागितली. टेबलाशी बसून, लाल पेन्सिलने, माझ्या रकान्यातला एकेक 'नाही' खोडून त्यांनी 'हो' लिहिलं. पान उलटताना वाकडी बोटं अडखळत होती, तरी मला हात लावू दिला नाही. वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझा रकाना संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं आणि स्वतःच्या रकान्याकडे वळले. त्यात एकोणीस वेळा 'जरासा' होतं. एकोणीसही त्यांनी खोडले आणि प्रत्येकाच्या जागी, सावकाश, 'नाही' लिहिलं.

"तुमचा चेहरा फार उतरायचा हो, वहिनी," ते म्हणाले, आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.