खांबाला न ऐकू आलेल्या घंट्या

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

बिडकीनच्या रस्त्यावर, एका आंधळ्या वळणाशी, आमच्या कंपनीनं माइकचा खांब उभारला होता. पुढं अडथळ्याचा आवाज आला, की वळणाअलीकडचा पिवळा दिवा लुकलुकायचा, येणारी गाडी हळू व्हायची. कोणता आवाज कशाचा, हे यंत्राला शिकवायचं काम माझं. शहरातल्या ऑफिसात दुपारभर कानाला हेडफोन. डोळे मिटले, की मी त्या रस्त्यावरच. वाळूजच्या कारखान्यांची शिफ्टची बस, रिक्षा, वारा... आणि लांबून मेंढरांच्या घंट्या. काय गोड वाटायचं! ऐकता ऐकता पेंग यायची.

मेंढरं म्हाळूमामांची — वळणाजवळ राहणारे धनगर, खांब उभारताना ओळख झालेली. कळप रस्ता ओलांडायचा तेव्हा मामी वळणापर्यंत जाऊन उभी राहायची, पदर हलवून गाड्या थांबवायची. मीच एकदा मोठ्या ऐटीत म्हणालो — मामी, आता कशाला जाता? घंट्या वाजल्या, की दिवा लागतो. मामा हसले होते. "म्हंजी ह्यो खांब आमचा राखणदार व्हय?"

मामी जायची थांबली. कळप ओलांडायचा तिथून दिवा त्यांना दिसतही नसे. नुसता विश्वास.

पण मेंढरं दिवसभर कडेलाच चरायची, आणि दिवा उगाच लुकलुकत राहायचा. साहेब चिडले. खांबाची सरकारी पाहणी तोंडावर आलेली. मी घंट्या गोंगाटात टाकल्या — यंत्रानं दुर्लक्ष करायचे आवाज असतात ना, त्यांत. एवढंच केलं. मामांना सांगायला जायचं होतं. गेलो नाही. विसरलो होतो का? नाही हो. आपलीच बढाई परत घ्यायची लाज वाटली.

त्याच आठवड्यात वळणावरून एक पिकअप भरधाव आली. चार मेंढरं गेली, मामीचा पाय गेला.

दवाखान्याच्या ओट्यावर मामा माझ्याशी बोलले. माझ्यावर राग नव्हता, उलट ओशाळल्यासारखे वाटले. "घंट्या लई बारक्या आमच्या. खांबाला ऐकू गेल्या नायत, सायेब."

आणि मी — मी काय म्हणालो?

"असेल," म्हणालो.

घंट्या मी गुपचूप परत यंत्रात घातल्या. मामांनी मोठ्या घंट्या आणून बांधल्या आहेत. आजही दुपारी हेडफोन लावला, की त्या घणघणत येतात. मग कळप पुढं जातो, आवाज विरत जातो, आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, कुबडीची टकटक ऐकू येते.