तारखांना भिणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका मन लावून भिणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. भित्री माणसं आपल्या ओळखीत असतातच. कुणी पालीला भितो, कुणी साहेबाला, कुणी इंजेक्शनला. मामांना यातल्या कशाचंच काही वाटत नसे. वसईजवळ होळी नावाच्या गावात त्यांची वाडी आहे, केळी, पानवेली आणि थोडी भाजी. तिथे पंपाच्या खोलीत धामण निघाली की मामा तिला शेपटीला धरून, मांजराच्या पिल्लाला दटावावं तसं दटावत बांधापलीकडे सोडून यायचे. अंधाराला ते भीत नसत, भुताखेताला भीत नसत, मामींनाही भीत नसत. आणि मामींना ओळखणारी माणसं यालाच सगळ्यात मोठं धाडस मानत. मामा भीत फक्त तारखांना. पण त्या तर वर्षभर येतच राहतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मामा मुंबईतल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून एक दिवस संपादकांनी ‘आजचा दिवस’ नावाचं सदर त्यांच्या गळ्यात घातलं. या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते रोज सहा ओळींत द्यायचं. ते सदर कुणी वाचत नसे, म्हणून कुणी लिहायलाही तयार नसे. मामांनी मात्र ते निवृत्त होईपर्यंत चालवलं. त्यासाठी त्यांनी एक जाडजूड वही केली, प्रत्येक तारखेला एक पान. मग ती पानं भरत गेली. बुडालेल्या बोटी, भूकंप, स्फोट, खून, युद्धं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर माणूस हेच लिहीत बसला तर त्याचं काय होणार? “जगात चांगलं घडलं की लोक जेवायला बसतात,” मामा मला एकदा म्हणाले, “आणि वाईट घडलं की तारीख लिहून ठेवतात.” त्यांच्या मते तारीख म्हणजे जुनं दुखणं. वर्षातून एकदा ते उठणारच, तेव्हा आपण त्या दिवशी जपून असावं.

आम्ही नायगावला नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा सगळ्यांना सुट्टी म्हणून वास्तुशांत सव्वीस जानेवारीला ठेवली. मामा आहेर घेऊन आले, पण इमारतीत पाऊल ठेवीनात. भूजचा भूकंप सव्वीस जानेवारीचा. मी खाली जाऊन हातापाया पडलो, शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, गॅलरीतून हाका मारल्या. मामांनी वर बघून शांतपणे मजले मोजले आणि मान हलवली. शेवटी त्यांचं पान खाली आवारात, भिंतींपासून आणि खांबांपासून सारखंच अंतर राखून, उघड्या आकाशाखाली मांडलं. वॉचमनने झेंडावंदनासाठी आणलेली खुर्ची त्यांना दिली. “वरण छान झालंय,” त्यांनी खालून ओरडून सांगितलं, “पण तुम्ही सगळे लवकर जेवून खाली या.”

दुसऱ्या एका वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे समुद्रावर गेलो. तारीख सव्वीस डिसेंबर, म्हणजे त्सुनामीची. मामा आले ते राखण करायला. भेळेकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून, गळ्यात शिट्टी अडकवून बसले. दुपारी पाणी मागे हटू लागलं आणि मामा उठले. त्यांनी अशी काही शिट्टी फुंकली की आम्ही तर सुरूच्या झाडांकडे पळालोच, पण शिट्टीच्या आणि त्यांच्या चेहऱ्याच्या जोरावर पन्नासएक अनोळखी माणसंही पोरंबाळं काखोटीला मारून धावली. जवळच बोंबील वाळत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, “ओ काका, ओहोटी हाय ती! रोजचंच पानी हाय!” मामांनी तिला नम्रपणे नमस्कार केला आणि म्हणाले, “ताई, आज ओहोटी आहे. पण बघत राहायला काय हरकत आहे?” पाणी पुन्हा वर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

पण त्यांच्या वहीतलं सगळ्यात वाईट पान चौदा एप्रिलचं. या एकाच तारखेला अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाला नाटक बघताना गोळी घातली, जगातली सगळ्यात मोठी बोट हिमनगावर आदळली आणि मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट होऊन बंदराची अर्धी वस्ती जळाली. म्हणून चौदा एप्रिलला नाटक, पाणी आणि विस्तव तिन्ही बंद. मामी आदल्या दिवशीच दशम्या करून ठेवायच्या. विहिरीवर जायचं नाही, पंप लावायचा नाही. टीव्हीवरच्या मालिका हीसुद्धा नाटकंच, म्हणून टीव्हीला चादर. त्या दिवसाची एकच गोष्ट ते चांगली मानत. ज्यांची जयंती त्या तारखेला असते त्यांच्या फोटोला पहाटेच वाडीतला चाफा वाहत, हात जोडत आणि दाराला आतून कडी लावून बसत. मामी म्हणायच्या, “लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चौदा एप्रिलला या माणसाने उंबरठा ओलांडलेला मी पाहिला नाही.”

आम्ही हे सगळं हसून सांगत असू. पाहुण्यांना सांगायला आमच्याकडे मामांसारखा विषय नव्हता. मग तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात शोभाच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून काढावी लागेल. कसली आहे ते काढल्यावरच कळेल. ‘कसली’ या शब्दावर ते किंचित थांबले, आणि त्या थांबण्याने आमची झोप गेली. शोभाने पहिला फोन मामांना केला. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तिला वाढवलं मामांनी. दुसऱ्या दिवशी मामा वही घेऊन हजर झाले, लिफ्टने नाही, त्या तारखेला कुठेतरी लिफ्ट कोसळली होती म्हणून नऊ जिने चढून. एप्रिलचं एकेक पान उलटत ते दोन तास बसले होते. एकही तारीख कोरी निघाली नाही. शेवटी त्यांनी सोळा तारखेवर बोट ठेवलं. “या दिवशी आपल्याकडे पहिली आगगाडी धावली. सुखरूप निघाली, सुखरूप पोचली. परदेशात थोडं बरंवाईट झालंय, पण ते लांब आहे.” एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी गुपचूप डॉक्टरांना फोन करून सोळा तारीख मागून घेतली.

चौदा तारखेला सकाळी शोभा स्वयंपाकघरात कळवळून खाली बसली. मी धावत गेलो तर तिचा चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घामाचे थेंब, आणि दोन्ही हातांनी पोट धरलेलं. रिक्षातून वसईला हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत ती माझ्या मनगटात नखं रुतवून बसली होती. गाठीला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस थांबता येणार नाही, आजच उघडावं लागेल. मी पुण्याला मुलाला फोन केला, तो निघाला. मग होळीला फोन केला, मामींना कळवायला म्हणून. फोन मामांनी उचलला. मी सगळं सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मला राग आला नाही. मामा येणार नाहीत हे मी धरूनच चाललो होतो.

शोभाला आत नेलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जाताना ती हसली. ते हसू माझ्यासाठी होतं. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. रस्त्यावरून जयंतीची मिरवणूक चालली होती, निळे झेंडे, ढोल, गुलाल. इतकी माणसं आनंदात होती आणि मला मात्र त्या दारावरचा लाल दिवा तेवढा दिसत होता. आपण इतकी वर्षं ज्या तारखेला हसलो तीच आज आपल्याला गाठायला आली आहे, असं काहीतरी वेडंवाकडं डोक्यात शिरलं आणि निघेना. बोट, आग, गोळी. मी शिकलेला माणूस, बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला. आणि मी मनातल्या मनात तारखेशी गयावया करत होतो.

एवढ्यात जिन्यावर छत्रीची काठी टेकत कुणीतरी चढत असल्याचा आवाज आला. मामा होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, घामाने निथळलेले, खांद्याला पिशवी. पिशवीत बॅटरी, दोरी, ओला टॉवेल आणि काच फोडायची छोटी हातोडी. आल्याबरोबर त्यांनी कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडतं का ते ओढून पाहिलं, भिंतीवरच्या आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचली, आणि मग माझ्या शेजारी येऊन बसले.

“मामा, तुम्ही? आज?”

“हो,” ते म्हणाले. “रिक्षावाल्याला हळू चालव म्हटलं. त्याने फार वेग घेतला नाही, भला माणूस होता.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. मी बाकावरून पुन्हा उठू लागलो, ते त्यांनी पाहिलं.

“जावईबापू, तुम्हाला भ्यायची सवय नाही,” मामा म्हणाले. “पहिल्यांदा जड जातं. टेकून बसा. श्वास सोडा. आता पुढचं सगळं डोळ्यांसमोर येऊ लागेल. येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका. मी इथे आहे.”

साडेतीनच्या सुमाराला एक नर्स कागद घेऊन बाहेर आली. गाठ तपासायला पाठवली आहे, ती वाईट निघाली तर आणखी काय काय काढावं लागेल त्याची संमती हवी होती. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचू लागली. मामांनी तो कागद माझ्याकडून घेतला, चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मध्येच थांबून, सवयीने, खिशातलं पेन काढून एका शब्दाची वेलांटी दीर्घ केली. नर्स बघतच राहिली.

“आता सही करा,” ते मला म्हणाले. “मी सगळं वाचलंय. ज्याला आपण आधीच भ्यालेलो नाही असं यात नवीन काही नाही.”

मी सही केली. चार वाजायला आले तसे मामा घड्याळाकडे बघू लागले. गोदीतला स्फोट चार वाजून गेल्यावर झाला होता, हे मला त्यांच्याचकडून ठाऊक होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. तो तळहात बर्फासारखा गार होता. तेव्हा मला कळलं की हा माणूस माझ्यापेक्षा कमी घाबरलेला नाही. तो नुसता बसून होता.

“मामा, काहीतरी बोला,” मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला. “त्या बोटीवरची सातशेच्या आसपास माणसं वाचली,” ते हळूच म्हणाले. “थंडीत, होड्यांमध्ये, सकाळपर्यंत बसून राहिली आणि वाचली. मी त्या बोटीवर दर वर्षी लिहिलं, पण ही माणसं कधी लिहिली नाहीत. सहा ओळीच असायच्या ना. बुडालेल्यांतच जागा संपायची.”

डॉक्टर बाहेर आले तेव्हा पावणेपाच झाले होते. मास्क खाली ओढून ते म्हणाले, “साधी गाठ होती. काळजीचं कारण नाही.” मी भिंतीला टेकून रडू लागलो. रडं ओसरल्यावर बघतो तर मामा बाकावर वाकून बसलेले, आणि त्यांचं अंग थडथड उडत होतं, हिवताप भरावा तसं. दीड तास ज्याने मला धरून ठेवलं होतं तो माणूस आता दातांवर दात आपटत होता. वॉर्डातल्या मावशींनी चहा आणला, तो त्यांच्या हातात राहीना. मी कप धरला आणि ते घोट घोट प्यायले.

संध्याकाळी शोभाला शुद्ध आली. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे ती गुंगीत बराच वेळ बघत राहिली. मग पुटपुटली, “मामा? आज कसे आलात तुम्ही?” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मामा आज कशाला तोंड देऊन आले होते ते तिला लगेच समजलं. मामा पलंगाजवळ गेले, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. “तू आत होतीस ना,” एवढंच म्हणाले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. शोभा ठणठणीत आहे. मामांचं मात्र आता फार बाहेर पडणं होत नाही. दोन्ही डोळ्यांची नजर गेल्यासारखीच आहे. मी शाळेतून निवृत्त झालो, आणि दर रविवारी सकाळी होळीला जातो. वाडीत खाट टाकलेली असते. मामा डोळे मिटून पडतात आणि मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. कुठे पूल पडलेला असतो, कुठे विमान; तेवढं मी गाळतो. पुढच्या पानावर जातो, पावसाचा अंदाज वाचतो, भाजीचे भाव वाचतो, कुणाच्या तरी शंभरीचा सत्कार वाचतो. आवाजात काही फरक पडू नये म्हणून जपतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळींतलं गळालेलं अक्षर पकडलं, त्याच्यापासून काय लपणार? मी घडी घालून वर्तमानपत्र खाली ठेवतो, तेव्हा केळीची पानं हलत असतात.

“आज पेपर लवकर संपला,” ते म्हणतात.

“हो मामा,” मी म्हणतो, आणि ते पुढे काही विचारत नाहीत.