परिच्छेद नऊ

माझ्या वहिनी टाइप करताना कागदाकडे बघत नाहीत, पडद्याकडे तर नाहीच नाही. त्या जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांकडे बघतात, "तो बघा भाऊजी, पुढची तारीख मिळालेली दिसतेय त्याला, चेहरा बघा कसा आंबलाय," असं मला सांगतात, आणि त्याच वेळी त्यांची दहा बोटं तिसऱ्याच कुणाचं तरी गाऱ्हाणं सरसर उमटवत असतात. कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, आमचं टेबल आहे. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली आहेत. एकदा मी त्यावर माझं स्वतःचं नाव टाइप करायला गेलो, तर जे निघालं ते चारचौघांत वाचण्यासारखं नव्हतं.

मी त्यांचा धाकटा दीर आणि धंद्याने वकील. म्हणजे सनद माझी, अक्कल त्यांची. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. दादा समोरच्या खोलीत घड्याळं उघडून बसलेला असायचा, वहिनी स्वयंपाकघरात माझी पुस्तकं वाचायच्या आणि परीक्षेला बसायचो मी. तरीही पास झालो, यावरून त्यांचं शिकवणं केवढं असेल याचा अंदाज करा. त्यांची स्वतःची शाळा दहावीतच सुटली होती.

आमच्या टेबलाचं गिऱ्हाईक म्हणजे अपात्र पोरं. दर वर्षी प्रवेश सुरू झाले की विद्यापीठाचा पात्रता विभाग शिक्के मारायला बसतो. कुणाला अर्धा टक्का कमी, कुणाचा दाखला एक दिवस उशिरा. एका मुलीच्या गुणपत्रिकेवर 'जीवशास्त्र'ऐवजी 'सजीवांचा अभ्यास' असं छापलं होतं, तर ती सजीवांबद्दल शिकलीच नाही असं ठरलं! मग ही पोरं आई-बापांसकट जिन्याखाली येऊन रडतात. वहिनी त्यांना आधी बसवतात, पाणी देतात आणि याचिका टाइप करायला घेतात.

त्या याचिकेतला परिच्छेद नऊ हा वहिनींचा स्वतःचा. बाकीचा कायदा मी कुठून कुठून गोळा करतो, पण नऊ त्यांचा. "याचिकाकर्ता अवघ्या अठरा वर्षांचा असून त्याचे सारे आयुष्य त्याच्यापुढे आहे. एका शिक्क्यापायी ते अडवून धरणे न्यायाला धरून होणार नाही." बस्स, एवढंच. पण या दोन वाक्यांवर तीनशेच्या वर पोरं वर्गात जाऊन बसली आहेत. दुसऱ्या टेबलांवरचे वकीलही येतात आणि लाडीगोडी लावतात, "मावशी, आमच्यातही तो नऊ घाला ना." विद्यापीठाचे वकील नियमराव (हे नाव आम्हीच ठेवलंय, ते उठता-बसता नियम वाचतात म्हणून) यांना तर तो इतका पाठ आहे की मी कोर्टात वाचू लागलो की समोर त्यांचेही ओठ हलतात.

चाळिशी उलटल्यावर वहिनींनी बारावी न झालेल्या प्रौढांसाठीची प्रवेश परीक्षा दिली आणि घरबसल्या पदवी मिळवली. आणि छप्पन्नाव्या वर्षी एके सकाळी मला म्हणाल्या, "भाऊजी, मी कायद्याला नाव घातलंय. आता तुमची पुस्तकं परत द्या."

चार महिने सकाळी कॉलेज, दुपारी टेबल. वर्गातली पोरंही त्यांना मावशीच म्हणायची. वहिनी तास चालू असतानाच फळ्याकडे बघत नोट्स टाइप करायच्या आणि अख्खा वर्ग त्यावर जगायचा. फक्त परीक्षा हाताने लिहायची म्हटल्यावर त्यांना घाम फुटला, कारण बत्तीस वर्षं टाइप करून त्यांचं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय झालं होतं. दादाने त्यांना चार रेघी वही आणून दिली. छप्पन्न वर्षांची बायको रोज एक पान शुद्धलेखन काढते आणि नवरा भिंगातून तपासतो, असा आमच्या घरी देखावा होता. मी हसून हसून लोळायचो, आणि हेवाही वाटायचा मला.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना पत्र आलं. बारावी उत्तीर्ण नसल्यामुळे अपात्र, परीक्षेचं प्रवेशपत्र मिळणार नाही. वर जांभळा शिक्का. आणि पुढच्या वर्षापासून त्या कॉलेजात पन्नाशीच्या वरच्यांना प्रवेशच बंद होणार होता. म्हणजे हे हुकलं की कायमचं हुकलं.

वहिनी ते पत्र हातात घेऊन पोरं बसतात त्याच स्टुलावर बसल्या. "एवढं लागतं होय हे?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, पोरं जरा जास्तच रडतात." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करायचं ते त्यांनी मला कधी शिकवलंच नव्हतं.

मग डोळे पुसून त्या वळल्या आणि जिन्याकडे बघत तासाभरात स्वतःची याचिका टाइप करून टाकली. वहिनी चुकत नाहीत म्हणून मी वाचत नाही, आणि बोटं चुकत नाहीत म्हणून त्या वाचत नाहीत. त्यांनी शपथेवर सही केली, मी खाली माझी ठोकली, याचिका दाखल!

सुनावणी शुक्रवारी लागली, परीक्षा सोमवारी. न्यायाधीश बाईंच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. त्यांच्या मागच्या कपाटातली निम्मी पुस्तकं खोक्यांत गेलेली दिसत होती. वहिनी पहिल्या बाकावर, शेजारी दादा, आणि मागे तास बुडवून आलेला अख्खा वर्ग.

नियमरावांनी नियम वाचला. मग मी उठलो आणि वहिनींनी पढवलेलं एका दमात सांगितलं, "मॅडम, माहितीपुस्तकात लिहिलंय, कोणतीही मान्य पदवी चालेल. आणि यांची पदवी कुणी दिली? याच विद्यापीठाने!"

न्यायाधीश बाईंनी चष्मा खाली घेतला. "वकीलसाहेब, तुम्हीच दिलेल्या पदवीवर तुमचाच विश्वास नाही?"

नियमराव ततपप करू लागले. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी त्यांनी याचिकेची पानं उलटली आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, या बाईंनी शपथेवर खोटं विधान केलंय. अशी याचिका फेटाळायला हवी. परिच्छेद नऊ बघा. 'याचिकाकर्ती अवघ्या अठरा वर्षांची असून तिचे सारे आयुष्य तिच्यापुढे आहे.'"

कोर्टात हशा असा उसळला की शिपायाला ओरडावं लागलं. बोटांनी 'याचिकाकर्ता'ची 'याचिकाकर्ती' केली होती, वयाला मात्र हात लावला नव्हता. दादासुद्धा हसला, आणि लगेच घाबरून गप्प झाला. बत्तीस वर्षांत एक चूक, आणि ती नेमकी स्वतःच्या कागदात! धरणीने पोटात घेतलं असतं तर मी सनदेसकट गेलो असतो.

"हे काय आहे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी वहिनी उभ्या राहिल्या. "मॅडम, चूक माझी आहे. पोरांच्या याचिका टाइप करून करून बोटांना सवय झालीय. मी वाचून बघितलं नाही. वय छप्पन्न आहे, अठरा काढून टाकते."

"आणि पुढचं वाक्य? तेही काढायचं?"

उत्तरासाठी वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात हे कधी घडलेलं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "तीनशे पोरांसाठी ते मी खरं मानून टाइप केलं, मॅडम. माझ्या बाबतीत ते खोटं आहे असं माझ्या हाताने नाही लिहवत मला. तुम्ही सांगा, मग काढते."

न्यायाधीश बाईंनी एकदा त्या खोक्यांकडे बघितलं. नियमरावांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "याचिकाकर्तीने वय दुरुस्त करावं. विधानाच्या उरलेल्या भागाबद्दल न्यायालयाची काहीही हरकत नाही. विद्यापीठाने आज संध्याकाळपर्यंत प्रवेशपत्र द्यावं."

मागे वर्गाने बाकं बडवली. शिपाई ओरडला, पण त्यात दम नव्हता. दादा उगाचच मनगटावरच्या घड्याळाला चावी देत बसला. नियमराव स्वतः याचिकेची मूळ प्रत घेऊन वहिनींपुढे आले आणि त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं.

वहिनींनी 'अठरा' खोडलं आणि वर चार रेघी वहीतल्यासारखं, जीभ दातांत धरून, 'छप्पन्न' लिहिलं. कोंबडीचे पायच, पण सरळ रेघेत. मी खांद्यावरून वाकून बघितलं.

"वहिनी, 'अवघ्या' खोडायचं राहिलं," मी कुजबुजलो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "या खेपेला वाचलंय मी."